स्लाइडवरची माटोळी

मुख्याध्यापकांचं फर्मान निघालं: आठवड्याला निदान एक तास पीपीटीवर घ्यायचा. मी डिचोलीचा इतिहासाचा मास्तर, पंचवीस वर्षं खडू उगाळलेला. म्हटलं, त्यात काय मोठं? पॉवरपॉइंट बाजारात आलं १९८७ साली, आणि गोवा घटकराज्य झालं तेही ३० मे १९८७ ला. एकाला सांभाळतो आहोतच, दुसऱ्यालाही सांभाळू.

शनिवारी रात्री बसलो तो पहाटे उठलो. विषय गोवामुक्ती. पहिल्याच स्लाइडवर १५१० साली गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकर्क, ऑपरेशन विजय, १९ डिसेंबर १९६१, तिरंगा, दोन तोफा, नकाशा आणि मधोमध सोनेरी ‘४५१ वर्षे’. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीत सुपारीची शिपटी, तवशी, निरफणस, मिळेल ते बांधतो ना, तसं. फरक इतकाच, की माटोळीखाली गणपती तरी दिसतो. शिवाय अक्षरं एकेक करून येणार, तीही दशावतारातल्या संकासुरासारखी गरगरत.

मुलीने डोकावून विचारलं, “बाबा, एवढं वाचणार कोण?”

“मी वाचून दाखवणार.”

“मग मुलांनी काय करायचं?”

हल्लीच्या पोरांना शिक्षणातलं काही कळत नाही, असं मी तिच्या आईला सांगितलं.

सोमवारी पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा केबल शोधण्यात आणि ती खोचण्यात गेली. मग पडद्यावर जे उमटलं, ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी वापरलेला जुना फॉन्ट शाळेच्या संगणकात नव्हताच. आल्बुकर्कच्या जागी डॉलर, कंस आणि एक तुटक्या शेपटीचा क्यू. मराठी युनिकोडमध्ये टाइप करायची असते, हे ज्ञान मला चाळीस साक्षीदारांसमक्ष झालं.

पुढच्या सोमवारी युनिकोड करून गेलो. मागून आवाज आला, “सर, दिसना.”

दिसत कसं नाही? तरातरा जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. खरंच दिसना. घरी हातभर अंतरावरून मोत्यांसारखी वाटलेली अक्षरं इथून मुंग्यांची रांग. त्यात निळ्यावर लाल रंग माझ्या आवडीचा, आणि खिडक्यांना पडदे नाहीत. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं.

मग मोठ्याने वाचायला लागलो. मी तिसऱ्या ओळीवर, तर पहिल्या बाकावरची मुलगी सातवी ओळ संपवून नखं बघत बसलेली. बाकीचे वाचावं की ऐकावं या पेचात होते. शेवटी त्यांनी दोन्ही सोडलं.

घाईत पुढची स्लाइड आणायला गेलो आणि बोट ‘बी’वर पडलं. पडदा काळाठिक्कर. मला वाटलं लायट गेली, पण पंखा फिरत होता. (स्लाइड चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत येतं, हे मला घरी गेल्यावर मुलीकडून कळलं.) चाळीस माना माझ्याकडे वळल्या. दोन सोमवारांत पहिल्यांदाच.

आणि तोच मागचा ‘दिसना’वाला म्हणाला, “सर, आमच्या डिचोलीत पण ४५१ वर्षं?”

सोनेरी आकडा गरगरत असताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मलाही. खडू उचलला. फळ्यावर वेडावाकडा गोवा काढला. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख. डिचोली नव्या काबिजादीतली, पोर्तुगीज इथे स्थिरावले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. “मग आमची दोनशेसुद्धा भरत नाहीत!” पोरगा जरा हिरमुसलाच. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

आता माझ्या स्लाइडी चार. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बत्तीसच्या खाली साइझ नाही. एकीवर नुसता नकाशा, तीन तालुके हिरवे, नावं लिहिलेली नाहीत. ती मुलं सांगतात. तेवढं झालं की ‘बी’.

परवा मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून गेले. पडदा काळा, मी फळ्यापाशी. दुपारी प्रोजेक्टर दुरुस्त करणारा माणूस शाळेत हजर.