अपोलो 13 ला चिकटपट्टीने तारलं, म्हणून मॉडेल नको?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय : 'चंद्राकडे निघालेल्या आणि वाटेत बिघडलेल्या अपोलो 13 यानाच्या अंतराळवीरांनी चिकटपट्टी नि पुठ्ठ्याने हवा शुद्ध केली. मग यानातल्या हवेची संगणकावर मॉडेलं कशाला? ऑक्सिजन भरपूर न्या, झालं!' असा सल्ला कुणी खरंच मानला, तर माणसं मरतील.

हवा शुद्ध केली ती लिथियम हायड्रॉक्साइडने, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाने. मुख्य यानातले त्याचे चौकोनी डबे चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानातल्या गोल जागेत बसेनात, म्हणून जोडणीपुरती चिकटपट्टी आली. ती जोडणीही आधी जमिनीवर करून पाहिली, मग वर कळवली. शिवाय हे रसायन एकदाच वापरता येतं. काही दिवसांच्या मोहिमेला ते पुरतं, सहा महिन्यांना किती डबे न्याल?

ऑक्सिजन भरपूर असला तरी कार्बन डायऑक्साइड साचला की डोकं ठणकतं, पुढे शुद्ध हरपते. माणूस दिवसाला साधारण एक किलो सोडतो. झोपेत ताशी 15 लिटर धरा. दोन घनमीटरच्या बंद कप्प्यात तासाभरात पाऊण टक्का होतो. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो. त्यात वजनरहित अवस्थेत गरम श्वास वर जात नाही. पंखा नसेल तर तो तोंडापाशीच घुटमळतो, म्हणजे सरासरी ठीक दिसते आणि झोपलेला माणूस स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो. पंखा कुठे, झोत किती, हे प्रवाहाच्या मॉडेलवर आधी पाहता येतं. जमिनीवर तशी चाचणी जमत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षण काही केल्या बंद होत नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे थर कार्बन डायऑक्साइड धरतात. तापवून आणि दाब उतरवून तो सोडवतात, की थर पुन्हा तयार. पण झिओलाइटला पाणी जास्त प्रिय, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. वायू धरताना थर तापतो आणि तापला की कमी धरतो. मॉडेलमध्ये थराचे पातळ काप कल्पून प्रत्येक कापातला वायू नि उष्णता यांचा हिशेब क्षणाक्षणाला मांडतात. एक थर वायू धरतो तेव्हा दुसरा सोडतो; ही पाळी कधी बदलायची, ते त्यावरून ठरतं.

एक गोष्ट मात्र मान्य. स्थानकावर झिओलाइटच्या गोळ्या झिजून भुकटी झाली आणि ती झडपांमध्ये अडकली. नुसत्या वायू-उष्णतेच्या हिशेबात ही झीज दिसत नाही. त्यासाठी चाचण्याच लागतात. चाचणीतले आकडे मॉडेलमध्ये घालायचे, आणि पुढची चाचणी कुठे करायची ते मॉडेलला विचारायचं.