पदेराच्या भोंप्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत, "आमच्या गावचा पदेर (गोव्यातला पाववाला) सायकलवर भोंपू वाजवत फिरतो, त्याला कुणी ब्रँड शिकवला? माल चांगला असला की गिऱ्हाईक आपसूक येतं. आणि सगळीकडे एकच वाक्य घोटत बसणं म्हणजे पोपटपंची."

शेवटचं मान्य. 'सगळीकडे तेच शब्द वापरा' असं मी ब्रँडबद्दलच्या मागच्या लेखात लिहिलं, ते चुकलंच. शब्द बदलोत, सांगणं बदलू नये.

पण पदेर तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे! भोंपू वाजला की पोरंटोरंसुद्धा पैसे घेऊन दारात येतात. पाव, उंडे आलेत, ताजे आहेत, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं त्या आवाजाचा अर्थ एकच राहिलाय. उद्या तोच भोंपू वाजवून तो चादरी विकू लागला आणि परवा बादल्या, तर किती जण दार उघडतील?

फोंड्यातल्या एका काजूच्या दुकानासाठी मी काम केलं. पाटीवर 'ड्रायफ्रूट मार्ट', पाकिटावर 'अस्सल गोव्याचे', व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर्वांत स्वस्त'. पुण्याच्या एक बाई सालीच्या काजूचं पाकीट हातात घेऊन विचारत होत्या, "हे इथलेच ना?" गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "सगळे सारखेच हो." बाईंनी पाकीट परत ठेवलं. मला फार वाईट वाटलं, कारण मालक स्वतः सत्तरी तालुक्यात जाऊन बिया आणतात. तुम्ही म्हणता तो चांगला माल तिथे होताच.

आफ्रिकेतून आलेला काजूही इथे गोव्याचा म्हणून खपतो, त्यामुळे त्या बाईंचा प्रश्न रास्तच होता. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागाचा असल्याची सरकारी नोंद, मिळालं. पण त्या मानांकनाचा शिक्का पाकिटावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नुसतं 'अस्सल' तर कुणीही छापतं.

'सर्वांत स्वस्त' काढायला मालकांच्या जिवावर आलं, तरी काढलं. आता पाटीपासून पाकिटापर्यंत एकच सांगणं: बिया सत्तरीच्या, भाजलेल्या इथेच. मुलगा ते गावच्या माणसांना कोकणीत सांगतो, पर्यटकांना हिंदीत. मालक भट्टीची हकीकत मराठीत चांगली पाच मिनिटं लांबवतात, लांबवू देत.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा मुलाने गल्ल्यावर एका वाटीत टरफलासकट चार बिया ठेवल्या होत्या. हे मी सुचवलेलं नव्हतं. कुणी "इथलेच का?" विचारलं की तो आधी ती वाटी पुढे करतो.