आई आज खुर्ची काढायला नको म्हणाली

रात्रीचे साडेअकरा झालेत, सकाळी ७.४२ ची लोकल आहे, तरी लिहायला बसलेय. आत्ता नाही लिहिलं तर उद्यापर्यंत राग उतरेल, मग मीच जाऊ दे म्हणेन, आणि हे मला जाऊ द्यायचं नाहीये.

आज कल्याणला साखरपुडा होता, आमच्या नात्यातलाच. जेवणं झाल्यावर सगळे खुर्च्या ओढून गोलात बसले होते, गुडघे, शुगर, बीपी असं जे आपल्याकडे चालतं ते चाललं होतं. आई माझी कधी नव्हे ती खुलून बोलत होती. म्हणाली, "मी रोज व्यायाम करते हो, खुर्चीवरून उठबस. अर्ध्या मिनिटात चौदा वेळा उठते, हात न लावता." आणि माझ्या धाकट्या आत्तेभावाचा मुलगा, जो आता एका जिममधे ट्रेनर आहे, तो म्हणाला, "आजी, त्याला व्यायाम नाही म्हणत, ती नुसती हालचाल झाली. मसल बनायला लोड लागतो. घरी काय होत नसतं." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, लग्नकार्यात हसतात तसंच. आई पण हसली. मग पदर सारखा केला आणि गप्प बसली.

घरी आलो, सात वाजता मी खुर्ची भिंतीला लावली तर म्हणाली, "राहू दे आज. ते काय खरं नसतं ना."

बास. तिथेच माझं डोकं फिरलं.

आता ही खुर्ची काय आहे ते सांगते, म्हणजे कळेल. गेल्या वर्षी गणपतीत दिराच्या घरी आरती झाल्यावर सगळे प्रसादाला खाली बसले, आई पण बसली आणि नंतर तिला उठताच येईना. एक हात जमिनीवर, एक हात सोफ्याच्या कडेला, पाय भरून आलेले. शेवटी दोन पुरुषांनी काखेत हात घालून तिला उभं केलं. ६८ वर्षांची माझी आई, जिने आयुष्यभर पाट्यावर बसून वाटण वाटलं, विळीवर बसून दहा दहा माणसांची भाजी चिरली, तिला भरल्या घरात पोत्यासारखं उचललं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मला आता कुठे नेत जाऊ नको." पुढे तीन आठवडे ती खरंच कुठे आली नाही, खालच्या मारुतीला पण नाही.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी काय केलं, तर एक खुर्ची दिली आणि घड्याळ लावलं. तीस सेकंदांत हात छातीशी ठेवून किती वेळा उठता बसता येतं बघा म्हणाल्या. ही त्यांच्याकडची चाचणीच आहे, म्हाताऱ्या माणसांच्या पायात किती ताकद उरलीय ते त्यावरून बघतात. आई एकदाही उठली नाही. हात लावून पाच वेळा. त्या म्हणाल्या घाबरू नका, हेच रोज घरी करायचं. आमच्या हॉलमधली हाताची प्लॅस्टिकची खुर्ची, मागे सरकू नये म्हणून भिंतीला टेकवून, आणि बसायच्या जागी दोन उश्या. उश्यांनी उंची वाढते, उठायला सोपं जातं. जमायला लागलं की एक उशी काढायची, मग दुसरी.

पहिली उशी निघायला दोन महिने लागले. दुसरी संक्रांतीनंतर निघाली. आई रोजचा आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते, दुधाचा खाडा आणि गॅस सिलेंडरच्या नोंदीशेजारी. ४, ४, ५, पावसाळी ढग आले की परत ४, ६. मधे एकदा खोकला झाला तर नुसती फुली. मी ऑफिसहून आले की चपला काढायच्या आधी मला आकडा सांगायची. आता चौदा आहेत. चौदा!!

हा लोड नाही का? अरे माणसाचं स्वतःचं वजन ५८ किलो आहे, ते मांड्यांच्या जोरावर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर उचलायचं, दिवसातून तीन वेळा, आणि उश्या काढत काढत तेच दर महिन्याला अवघड करत जायचं. हे तुमच्या जिमच्या भाषेत काय असतं ते तुम्हीच सांगा. तुम्ही लोखंडाची तबकडी वाढवता, आम्ही उशी कमी केली. तत्त्व एकच आहे की स्नायूला कालच्यापेक्षा आज थोडं जास्त काम द्या. ते काम कुठे द्यायचं याला भाडं लागत नाही.

आणि मला गंमत वाटते (खरं तर गंमत नाही, संताप येतो) की लोक इतक्या लवकर विसरले. २०२० आठवा. मार्चमधे जिम बंद झाल्या त्या महाराष्ट्रात थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. ते सात महिने हेच सगळे ट्रेनर काय करत होते? पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या जागेत उभं राहून मोबाईलवर क्लास घेत होते, हातात पाण्याच्या बाटल्या, पाठीला पुस्तकांची सॅक. हाच आमचा मुलगा गच्चीवरून रोज व्हिडिओ टाकायचा, "नो जिम नो प्रॉब्लेम". मी लाईक केलेत ते. तेव्हा घरचा व्यायाम हा व्यायाम होता, पैसे पण घेतले त्याचे, आता जिमची दारं उघडली तर ती हालचाल झाली?

मी पण जिमला पैसे भरलेत, म्हणून बोलतेय. २०२२ मधे स्टेशनजवळच्या एका जिममधे वर्षाचे साडेचौदा हजार, एकदम, कारण महिन्याचं भरलं तर दुप्पट पडत होतं. लोकलमधून उतरून आठ वाजता पोचायचं, तेव्हा तिथे इतकी गर्दी की एकेका मशीनसाठी पंधरा मिनिटं उभं राहायचं, कानठळ्या बसतील अशी गाणी. पहिल्याच दिवशी एका पोराने मला भिंतीशी उभं करून पोटाचा फोटो काढला. विचारलं सुद्धा नाही. काही विचारायला गेलं की पर्सनल ट्रेनिंग घ्या मॅडम, मग लक्ष देता येईल. म्हणजे साडेचौदा हजारांत लक्ष नव्हतं. १९ दिवस गेले मी. विसाव्या दिवशी खांदा दुखावला आणि पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं. कुणाला दोष देत नाही, सही मीच केली होती, पण त्या वेळी मला घरी सांगायची लाज वाटली होती आणि ती लाज माझ्यात कुणी घातली हा प्रश्न मला अजून पडतो. कारण मी सहा महिने स्वतःलाच आळशी म्हणत होते. आळशी! पहाटे पाचला उठून दोन डबे करून फोर्टला उभ्याने जाणारी बाई.

बरं, मान्य आहे, ज्यांना खरंच जड वजनं उचलायचीत, स्पर्धेत उतरायचंय, त्यांना जिम पाहिजेच, ते घरी होणार नाही. आणि चुकीचं केलं तर सांगणारं माणूस घरी नसतं, हे पण खरं.

आणखी एक मान्य करते आणि हे जरा मनापासून. माझी ऑफिसमधली मैत्रीण म्हणते की तू घरी करतेस कारण तुझ्या घरी तू आणि आई दोघीच. माझ्याकडे मॅट टाकली की सासूबाईंना चहा आठवतो, मुलाला वही सापडत नाही, नवरा मॅटवरून ओलांडून जातो. मी जिमला व्यायामासाठी जात नाही गं, त्या एका तासात मला कुणी हाक मारत नाही म्हणून जाते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये. तिने जावं, तासभर नाही, दोन तास जावं.

पण जी जाऊ शकत नाही तिला तुम्ही काय सांगणार? की तुझं काही होणार नाही? हे मला सहन होत नाही. कारण आजूबाजूला बघा, आपल्या आया, मावश्या, चाळीशीच्या पुढच्या आपण सगळ्या, किती जणी जिममधे पाऊल टाकणार आहेत? तिशीनंतर स्नायू झिजायला लागतात, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हे सगळ्यांना माहितीये, आणि त्यावर उपाय म्हणून फक्त काचेच्या दाराआडची एसी जागा दाखवायची? जागतिक आरोग्य संघटना सुद्धा जागा सांगत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी, पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचा सराव तीन दिवस. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट असायची, २०२० मधे त्यांनी ती पण काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटं पण मोजायची. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर खाली करते ना माझी आई, ती पाच मिनिटं मोजायची. फ्रीज आणि दाराच्या मधल्या भिंतीवर हात टेकून जोर काढते, ते मोजायचे. तूरडाळीची किलोची पिशवी घेऊन हात वर करते, ते पण.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले, खटाव तालुक्यातलं औंध, यमाईचं. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते आणि स्वतः रोज घालायचे. सहा फूट जमीन लागते, दुसरं काही नाही. आजोबा सत्तरी उलटल्यावरही माजघरात घालायचे, मी लहानपणी बघितलंय, घोंगडीवर घामाचा ओला ठसा उमटायचा हातांचा. त्यांना कुणी म्हणालं असतं की ही हालचाल आहे, तर हसून पुढचा घातला असता. आईने तसं केलं नाही. आईला लगेच खरं वाटलं. मला आज सगळ्यात जास्त तेच लागलं. एवढे चौदा महिने, एवढे चौकोन भरलेले, आणि काळा टाइट टीशर्ट घातलेल्या पोराच्या एका वाक्याने तिला वाटलं की आपण खोटं खोटं काहीतरी करत होतो.

थांबते जरा. तो पोरगा वाईट नाहीये. लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा, दहावीत असताना आईच्या हातची पुरणपोळी खायला डोंबिवलीत यायचा. मन लावून काम करतो, सकाळी पाच ते रात्री दहा, मधे चार तास रिकामे, त्याला पण टार्गेट असतं मेंबरशिपचं, मला माहितीये. त्याला शिकवलंच तसं असेल. बाळा, तू हे वाचणार आहेस, तुला मी फोन करणार नाही, इथेच सांगते. तुला राग येईल, येऊ दे. तू आजीला एवढं विचारायला पाहिजे होतंस की आजी, आधी किती यायचे? एवढंच. तिने सगळं सांगितलं असतं, उश्यांचं पण. आणि तू हुशार आहेस, तुला लगेच कळलं असतं ती किती लांब आलीय.

यंदा गणपतीत ती परत खाली बसली होती. त्याच घरात, त्याच सोफ्याजवळ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझा श्वास अडकला होता. प्रसाद खाल्ला, ताटली बाजूला सरकवली, एक गुडघा टेकला, एक हात जमिनीला, आणि उठली. स्वतः. कुणाच्या लक्षात पण आलं नाही, जाऊबाई मोदक वाढत होत्या. आईने माझ्याकडे बघितलं फक्त. मी आत जाऊन रडले. त्या दिवशीच्या चौकोनात तिने आकडा लिहिला नाही, नुसतं "बसले" लिहिलंय. अजून आहे ते पान.

आजचा चौकोन मात्र रिकामा आहे. मी आत्ता बघून आले. दुधाचं लिहिलंय, अर्धा लिटर जास्त, आणि खाली काही नाही. आई झोपलीय. खुर्ची मी जागेवर नाही ठेवली, भिंतीला तशीच आहे.

माझं एक काम करा. तुमच्यापैकी किती जणी घरी करता मला माहितीये, कारण तुम्ही मला इनबॉक्समधे सांगता, चोरून सांगितल्यासारखं. कुणी गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारतं, कुणी जिने चढतं, एका ताईंनी नवऱ्याच्या बायपासनंतर दोघांनी मिळून हॉलमधे चालायला सुरुवात केलेली मला आठवतेय. ते आज इथे उघड लिहा, कमेंटमधे. घरी काय करता, कधीपासून, आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं. आकडा असेल तर आकडा लिहा, आईला आकडे आवडतात. जिमवाल्यांनी पण लिहा, पण भांडू नका, आज नको.

सकाळी सहाला चहाबरोबर मी तिला एकेक वाचून दाखवणार आहे. मोठ्याने वाचेन, चष्मा नसतो तिला तेव्हा.