'प्रॉग म्हणजे नुसती बोटांची कसरत' म्हणे!

नागपुरातल्या गाण्याबजावण्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे बोटांची कसरत. ताल मुद्दाम वाकडे, गाणी उगाच लांब, भाव शून्य, अर्धं काम मशीनचं. 1977 ला पंक आलं आणि हे दुकान बंद झालं." (प्रॉग म्हणजे हेच प्रोग्रेसिव्ह रॉक, गुंतागुंतीच्या रचनांचं; पंक म्हणजे छोट्या, साध्या, रांगड्या गाण्यांचं रॉक.) पुढे ढकलणारे बहुतेक स्वतः वाजवणारे, म्हणून राहवलं नाही.

आधी ताल. पिंक फ्लॉइड या प्रॉग बँडचं 'मनी' (1973) हे गाणं सात मात्रांत चालतं. रूपक लागला की आपल्याकडे कुणी तबलजीला "काऊन बे वाकडं वाजवतो?" असं विचारत नाही; मग इथंच का खुपतं? सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारचा सोलो सुरू होताना ताल एकदम चारात येतो आणि सगळं मोकळं सुटल्यासारखं होतं. ते सुटणं अंगावर येतं, कारण आधी सातानं धरून ठेवलेलं असतं. भाव हवा होता ना? तो त्या हिशेबातच आहे.

रशचं 'वायवायझेड' (1981) घ्या. टोरंटोचा बँड, गाण्याचं नाव (YYZ) म्हणजे टोरंटो विमानतळाचा कोड, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे त्याच तीन अक्षरांचा मोर्स कोड, म्हणजे तारेची डॅश (लांब) आणि डॉट (छोटा) खुणांची लिपी. शाळेत वृत्तांच्या मात्रा मोजल्या असतील तर डॅशला गुरू आणि डॉटला लघू धरा. वाय म्हणजे गुरू-लघू-गुरू-गुरू, 7 मात्रा. दुसरा वाय, आणखी 7. झेड म्हणजे गुरू-गुरू-लघू-लघू, 6. झाल्या 20, की पुन्हा पहिल्यापासून. टेबलावर बोटांनी वाजवून बघा; दोन-चार आवर्तनांत मान आपोआप डोलायला लागते. हे कागदावर किचकट दिसतं, कानाला नाही.

लांबीचं म्हणाल तर 'येस' या बँडचं 'क्लोज टू द एज' (1972) अठरा मिनिटांच्या वर जातं, एलपीची अख्खी एक बाजू. वसंतराव देशपांडे सभागृहात अर्धा तास विलंबित ख्याल ऐकून "बडा ख्याल पुरेसा खुलला नाही" म्हणणाऱ्यांनी तरी अठरा मिनिटांचा बाऊ करू नये, राजेहो. मधल्या संथ भागात चर्चचा ऑर्गन भरून येतो आणि शेवटी मूळ धून परत येते, तेव्हा आधीची मिनिटं कशासाठी होती ते कळतं.

उगाच लांबवलेलंही आहे, नाही कशाला म्हणू? येसनंच पुढच्या वर्षी चार गाण्यांचा डबल अल्बम काढला. त्या दौऱ्यात कंटाळून आपण स्टेजवरच करी खाल्ली, असं कीबोर्डवाला रिक वेकमन स्वतः सांगतो. 1974 मध्ये त्यानं बँडच सोडला. पण एका फुगलेल्या अल्बमवरून सगळ्या प्रकाराचा निकाल लावायचा नसतो.

मशीनचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. 'मनी'च्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा ठेका टेपचे तुकडे मोजून, हातानं कापून, चिकटवून केलाय.

आणि पंक. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन याचा पिंक फ्लॉइडविरोधी टी-शर्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच रॉटनला 1977 मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओनं आवडीची गाणी लावायला बोलावलं. त्यानं पीटर हॅमिल लावला, म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटर या पक्क्या प्रॉग बँडचा गायक.