ससाणा काय सीसीटीव्ही आहे होय बसवायला?

परवा आमच्या कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कबुतरांवरून परत पेटलं. एकजण म्हणतोय जाळ्या मारा, एक काकू म्हणतायत मुक्या जिवाला दाणे घालणं पुण्याचं काम, त्यात मुंबईच्या कबुतरखान्याचा राडा पण आला, आणि शेवटी आत्तेभावानं मला टॅग करून टाकलं, 'भावा, तुमच्या इंग्लंडात बिल्डिंगवर ससाणे बसवतात म्हणे, कबुतरं साफ. आपण पण बसवू की दोन-चार.'

नाद खुळा.

मी डर्बीत राहतो. इथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर बहिरी ससाण्याची जोडी आधी आपली आपण येऊन बसायला लागली, मग २००६ मध्ये लोकांनी वर एक ट्रे लावला, त्यात नुसती बारीक खडी. हा पक्षी काड्या गोळा करत बसत नाही, कड्याच्या कपारीत खळगा उकरायचा आणि अंडी घालायची, बास. मनोरा त्याच्या हिशेबानं कडाच. आणि कबुतरं खातो हे खरं, पण एकदा दुपारी खाली बाकावर डबा खात होतो तर समोर फरशीवर एक मुंडकं पडलेलं, चोच माझ्या बोटाएवढी लांब, कबुतराची कसली असायला. रात्री दिव्यांच्या झोतात वरनं जाणारे स्थलांतरी पक्षी पण हे धरतात. कबुतरं अजून चौकात पाव खात निवांत हिंडतायत.

आणि गोऱ्यांचं प्रेम वगैरे म्हणाल तर १९४० मध्ये, लढाईतली निरोप्या कबुतरं मारतात म्हणून यांनीच ससाणे मारायचा सरकारी हुकूम काढला होता. त्यानंतर डीडीटी हे कीटकनाशक आलं, अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की उबवताना आईच्याच वजनानं फुटायला लागलं, ते १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. मग औषधावर बंधनं आली, १९८१ चा वन्यजीव कायदा आला, आता घरट्यावरच्या जोडीला कुणी मुद्दाम त्रास दिला तर गुन्हा, त्यामुळं दुरुस्तीची कामं पिल्लं उडेपर्यंत थांबवतात. २०१४ च्या मोजणीत ब्रिटनमध्ये सतराशेच्या वर जोड्या निघाल्या. रेसची कबुतरं पाळणारे मात्र अजून शिव्या घालतात. आपल्या पेठांतनं माडीवर कबुतरं पाळणाऱ्यांना आधी विचारा, ससाणा पाहिजे का म्हणून!

शाहीन ससाणा, म्हणजे बहिरीचाच आपल्याकडचा प्रकार, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर आहेच की, त्याला कुणी मागवायला नको. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मागच्या दिवाळीत घरी आलो तेव्हा आपल्याच बिल्डिंगच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं होती, पांढरी, बदामासारख्या तोंडाची, रात्रभर फिस्स फिस्स करायची, आणि उंदरांचा सुळसुळाट पार थांबलेला. मीटिंग झाली, अपशकुन ठरला, पिल्लं उडाल्यावर पत्रा ठोकून भोक बंद. लक्ष्मीचं वाहन, ते पण अंबाबाईच्या गावात (ती लक्ष्मी का पार्वती हा वाद आता परत काढू नका). १९७२ चा वन्यजीव कायदा आपल्याकडं पण आहे, पण मीटिंगमध्ये त्याचं नाव कुणी काढलं नाही, मी पण नाही, बाहेरगावचा पाहुणा कशाला बोलतोय म्हणून गप्प बसलो.

म्हणून आत्तेभावाला एवढंच लिहिलं, ससाण्याचं नंतर बघू, आधी डक्टचा पत्रा काढ. त्यानं अंगठा पाठवलाय. काढला का नाही ते रविवारी आई फोनवर सांगेल.