मलावीला टीम पाठवताय? आधी घरच्या बाईला विचारा

शाळेतल्या एका मैत्रिणीची पोस्ट सकाळी वाचली, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ती अमेरिकेत असते. लेकीच्या वर्गमैत्रिणीच्या चर्चची टीम जुलैत आफ्रिकेतल्या मलावी देशात निघाली आहे, लेकही सोबत जाणार. दहा दिवस एका खेड्यात राहून शाळेच्या भिंती रंगवायच्या. खाली बदामांचा पाऊस. आणि मला टॅग करून, "तू तिथेच असतेस ना, लेकीला काही टिप्स दे."

देते. सगळ्यांनीच वाचा.

मी मलावीतल्या ब्लांटायर शहरात राहते. आमच्या ऑफिसात स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं गाव मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांपलीकडे. त्यांच्या आईला सगळं गाव अगोगो म्हणतं, म्हणजे आजी. गेल्या थंडीत मी ताईंबरोबर गावी गेले, तेव्हा अशीच एक टीम तिथे उतरली होती. जून-जुलैत त्या भागात चिपेरोनी असतो. धुकं, झिमझिम पाऊस आणि हाडात शिरणारी थंडी. अगोगोंच्या घरात पलंग एकच, तो पाहुण्यांना दिला. अगोगो स्वतः चुलीच्या खोपटात चटई टाकून झोपल्या.

जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची तिकडे रीत आहे. अगोगो जग आणि घमेलं घेऊन गुडघे टेकून बसल्या. पाहुण्यांनी खिशातून सॅनिटायझर काढला. ताटात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा होता, कोंबडीचा रस्सा होता. पोट बिघडेल म्हणून कुणी हात लावला नाही, सगळ्यांनी बॅगेतले बार खाल्ले.

मला अजून राग येतो. अहो, ती कोंबडी म्हणजे त्या घरातली बचत! नातवाच्या वह्या, गणवेश, दवाखान्याला जायचं भाडं, सगळं तिच्यावर. आणि एप्रिल-मेमध्ये निघालेला मका पुढच्या मार्चपर्यंत पुरवायचा असतो. जानेवारीनंतर कणगी रिकामी होते, तेव्हा एकही टीम तिथे नसते. तुमच्या सुट्ट्या जुलैत, म्हणून पाहुणचारही जुलैत! पहाटे बोअरवरून पाणी आणायचं, सरपण फोडायचं, अंघोळीला पाणी तापवायचं, हे सगळं गावच्या बायका करतात. चर्चचं महिला मंडळ, म्वानो, यासाठी दारोदार पीठ गोळा करतं. त्याचा हिशेब कुणाच्या स्लाइड शोमध्ये दिसला का?

आणि भिंती रंगवायला माणसं नाहीत का तिथे? गान्यू म्हणजे रोजंदारी शोधत फिरणारी तरणी पोरं गावोगाव आहेत. शाळेच्या विटा गावकऱ्यांनीच थापल्या, भाजल्या. एका विमान तिकिटाच्या पैशात तिथल्याच रंगाऱ्याने अख्खी शाळा रंगवली असती.

बरं, त्याच गावात आधीच्या एका टीमने हातपंपाचे सुटे भाग आणून तो चालू करून दिला होता, हे मान्य. दातांचे डॉक्टर आले तेव्हा रांग लागली होती, तेही मान्य.

लिहिता लिहिता त्या टीममधली एक मुलगी आठवली. रात्री ती एकटीच खोपटात आली आणि अगोगोंच्या शेजारी बसून हाताने न्सिमा जेवली. गोळा कसा वळायचा ते अगोगोंनी तिची बोटं धरून शिकवलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. अगोगो अजून ताईंना विचारतात, ती पोर परत कधी येणार? पाहुणे त्यांना हवेच आहेत. नको म्हणणं त्यांच्या रक्तात नाही, आणि म्हणूनच विचार आपण करायचा.

लिव्हिंगस्टोनिया या स्कॉटिश ख्रिस्ती मिशनचे डॉ. रॉबर्ट लॉज या देशात १८७५ मध्ये आले आणि १९२७ पर्यंत राहिले. त्यांच्या काळाशी माझी शंभर भांडणं आहेत, पण माणूस राहिला तरी. दहा दिवसांत माणसांची नावंही पाठ होत नाहीत गं.

तर मैत्रिणी, लेकीला पाठव. पण टीमच्या प्रमुखांना आधी विचारायला लाव, की जेवणाचा, मक्याचा, सरपणाचा खर्च कोण देणार. तो निघायच्या आधी पोचवा, महिला मंडळाच्या हातात, वहीत लिहून. काय काम हवंय ते गावाला ठरवू दे. रंगाचं काम गावच्या पोरांना मजुरीवर द्या, तुमची मुलं त्यांच्या हाताखाली राबतील. आणि लेकीला सांग, ताटात वाढलेलं खायचं. पोट बिघडलंच तर ब्लांटायरला मी आहे, औषधं घेऊन येईन.