आबा फिजिकली हजर!

नोव्हेंबर लागला की खान्देशात दोन कामं निघतात. भरताची वांगी भाजायची आणि पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा. पहिलं सोपं आहे, कपाशीच्या काड्यांचा जाळ केला की झालं. दुसऱ्यासाठी मी आबांना घेऊन अमळनेरला बँकेत गेलो.

"हयातीच्या दाखल्याला पेन्शनर फिजिकली पाहिजेत," साहेब मान वर न करता म्हणाले.

"आठे उभा शे ना मी, भाऊ!" आबा.

"मग अंगठा लावा."

'फिजिकली' हा शब्द हल्ली फार बोकाळलाय. भाचा लग्नाला 'फिजिकली येणं जमत नाही' म्हणून आहेर मोबाईलवर पाठवतो. डॉक्टर म्हणतात, "फिजिकली काही नाही, टेन्शन सोडा." (फी मात्र फिजिकलीच घेतात.) पण बँकेत कळलं की नुसता देह आणून भागत नाही, तो मशीनला पटावा लागतो.

आबा रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर हातोडा आणि तापलेले रूळ. बोटांवरच्या रेषा रेल्वेनेच झिजवल्या, आणि आता रेल्वेची पेन्शन त्याच रेषा मागत होती. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. कोणी सांगितलं रुमालाने पुसा, कोणी म्हणालं थोडं तेल लावा. मागच्या रांगेत तोवर आबांचे जुने सोबती भेटले, गप्पा रंगल्या. पोस्टमन घरी येऊनही दाखला काढून देतो, पण या जत्रेपायी आबा त्याला दारात उभं करत नाहीत.

शेवटी साहेबांनी मोबाईल काढला. चेहरा दाखवून दाखला मिळायची सोय २०२१ पासून आहे. फक्त डोळे मिचकवायचे. आबा कडक! फोटो काढताना डोळा लवू द्यायचा नाही, हे त्यांच्या पिढीच्या अंगात भिनलेलं. मी, साहेब, शिपाई आणि अख्खी रांग त्यांच्यासमोर डोळे मिचकावू लागलो. रांगेतल्या एक बाई बिचकून मागे सरकल्या. तेवढ्यात आबांना शिंक आली, डोळे मिटले आणि दाखला निघाला.

साहेब खुशीत म्हणाले, "पुढच्या वर्षी ऐंशी पूर्ण ना आबा? मग नोव्हेंबरची वाट पाहू नका. ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो."

आबांनी टोपी नीट केली. "म्हंजे सरकारले बी घाई शे!"